वाट सोडलेली मंडळी
युटातल्या एस्कलांटेच्या घळींत पायवाट सोडून हिंडायचं, तर माणशी रोज चारेक लिटर पाणी हवं. ते वाहायला कुणी पुढे येत नाही. शॉर्टकट मात्र प्रत्येकाकडे असतो. वाळूवरचा काळपट, खडबडीत पापुद्रा म्हणजे जिवंत माती. बुटाखाली चुरडली की सावरायला वर्षानुवर्षं लागतात. निसर्गाच्या कुशीत शिरणारे नेमके तिच्यावरूनच शिरतात. वर आभाळ निळंशार, म्हणून सगळे निर्धास्त. पाऊस कोसांवर दूर पडतो आणि लोंढा इथे येतो. २००३ साली युटातल्याच ब्लूजॉन घळीत अ‍ॅरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात दगडाखाली अडकला, तो बोथट चाकूनं कापून गडी सुटला. कुठे चाललोय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या टोळक्यात ती अडचणच नाही. कुठे चाललोय हे सांगायला आधी कुणाला तरी ठाऊक हवं ना!