कोडवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या देखत गाडीचं बॉनेट उघडू नये. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ते कोडवाले काका. सोसायटीच्या सभेला बोलावूनही येत नाहीत, पण पार्किंगमध्ये कुठलंही बॉनेट वर गेलं की पाच मिनिटांत अनवाणी हजर. खिशात ब्लूटूथवाला स्कॅनर, दातांत टॉर्च, काखेत वही. माणसं त्यांना गाडीवरून आठवतात आणि गाड्या बिघाडाच्या कोडवरून. ‘‘तीनशे चारवाले म्हणजे पी०१२८ ना? थर्मोस्टॅट बदलला का हो त्यांनी?’’ हे ते लग्नाच्या पंगतीतही विचारतात.

एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची ऑटोमॅटिक गाडी वरचा गिअर घेईना. हायवेवर इंजिन नुसतं घोंगावायचं, अ‍ॅव्हरेज पार बसलेलं, आणि चावी फिरवली रे फिरवली की रेडिएटरचा पंखा सुरू. गॅरेजवाल्यानं इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला कोड बघून आधी तापमानाचा सेन्सर बदलला. फरक शून्य. मग गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्येही एक कोड सापडला, तेव्हा त्यानं गिअरबॉक्स उतरवायचा खर्च सांगितला. तो ऐकून वहिनी जिन्यातच बसल्या.

‘‘वहिनी, कोड ही नुसती फिर्याद असते,’’ काका म्हणाले. ‘‘ज्या चौकीत नोंदवली, चोरी त्याच चौकीत झाली असं कुठं असतं का?’’

खरं होतं त्यांचं. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाचं तापमान स्वतः मोजत नाही. कुलंटमध्ये बुडालेला सेन्सर ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि तिथून तो आकडा पीळ घातलेल्या दोन वायरींवरून गिअरबॉक्सकडे जातो. कॅन नावाची ही पद्धत बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे मांडली. काकांना हे साल झटकन आठवतं, लग्नाचं साल काकूंना विचारावं लागतं. तर, इंजिन गार आहे असा निरोप आला की गिअरबॉक्स वरचा गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे इंजिनाशी थेट जोडणी, रोखून धरतो. वहिनींचा गिअरबॉक्स आज्ञाधारकपणे तेच करत होता. निरोपच खोटा होता.

तपासाचा मुहूर्त ठरला : रविवार, पहाटे सहा. आदल्या संध्याकाळपासून गाडीला हात लावायचा नाही, अशी ताकीद. रात्रभर उभ्या गाडीत कुलंटचं आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखंच असायला हवं. दोन-चार अंश इकडेतिकडे. एप्रिलातही माकडटोपी चढवून काका स्क्रीनसमोर बसले. हवा बावीस. कुलंट उणे चाळीस!

‘‘उणे चाळीस!’’ काका आनंदानं ओरडले. ‘‘सेल्सिअस म्हणा नाहीतर फॅरनहाइट, आकडा तोच!’’ दोन्ही विंगांतले दिवे लागले. काही गाड्यांचे कॉम्प्युटर अशा वेळी मनानंच एखादा बरा आकडा दाखवून वेळ मारून नेतात. वहिनींची गाडी निदान प्रामाणिक होती.

उणे चाळीस म्हणजे सर्किट कुठंतरी तुटलेलं. पण सेन्सरमध्ये की वायरमध्ये? काकांनी कनेक्टर काढला, काकूंच्या अंबाड्यातली पिन मागवली आणि कनेक्टरची दोन्ही टोकं जोडली. वायर धड असती तर आकडा शंभराच्या पार उडाला असता. ढिम्म हलला नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष. तरी त्याच्यावर मीटर लावलाच. सव्वादोन हजार ओहमच्या आसपास, गार सेन्सरला शोभेल असा. तापला की हाच आकडा घसरत नव्वद अंशांना दोन-अडीचशेवर येतो, हे चहाच्या पातेल्यात सेन्सर बुडवून दाखवायचा बेत मात्र काकूंनी हाणून पाडला.

वायर चाचपत काका बॅटरीच्या मागे पोचले. टेप फाटलेली, वायर कुरतडलेली, शेजारी लेंड्या. सोसायटीच्या सभेत ज्या उंदरांवर वर्षभर नुसती चर्चा चालली आहे, त्यांच्याविरुद्धचा पहिला लेखी पुरावा आता काकांच्या वहीत आहे.

गॅरेजवाल्याला चोर म्हणायला मी तयार नाही. नवा सेन्सर हातात दिसतो, म्हणून आपण त्याचे पैसे निमूट देतो. तासभर नुसतं मोजून पाहिल्याचे मागितले तर ‘‘केलंत काय?’’ असं विचारतो. मग तोही मोजायचं सोडून पार्ट बदलतो.

वायरमननं जोड देऊन वर स्लीव्ह चढवली. गाडी बरी झाली आणि काकांचा चेहरा पडला. वहिनींनी पैसे विचारले. काका पैसे घेत नाहीत, रविवार घेतात. लॉकअप लागतं का ते पाहायला त्यांनी वहिनींना कात्रजपर्यंत गाडी चालवायला लावली आणि दर मिनिटाचं तापमान टिपलं. ‘‘माझं बीपी कधी एवढ्या मायेनं लिहिलं नाही,’’ काकू म्हणाल्या. काकांनी ऐकलं नाही, सत्त्याऐंशीवर बोट ठेवून बसले होते.

तेव्हा, तुमचा गिअरबॉक्स उतरवायला कुणी सांगितलं, तर आधी गार इंजिनाचं तापमान स्क्रीनवर बघून घ्या. काकांना बोलवायचं असेल तर शनिवारी संध्याकाळपासून गाडी हलवू नका, आणि रविवारी दुसरं काही ठरवू नका.