पाठीवर शिक्का

दुबईत शिकवायला निघालेल्या शिक्षकाची पदवी खरी आहे, हे निव्वळ विद्यापीठाने सांगून भागत नाही. योग्यच आहे, विद्यापीठाला काय कळतं? म्हणून आधी राज्य सरकार, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय. पदवीची पाठ भरते. पोटात काय आहे, हे कुणी उलटून पाहत नाही. आता या शिक्क्यांचा खरेपणा तपासणारा पाचवा शिक्का तेवढा व्हावा, ही नम्र सूचना.

दुबईत पोचल्यावर भाड्याच्या घराला पुढच्या तारखांचे चेक, चेकला बँकेचं खातं, खात्याला एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र. तोवर सर हॉटेलात, दोन बॅगांसह.

पण शिक्क्यांची तयारी वाया गेली नाही. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने आईने लिहिलेली आजारपणाची चिठ्ठी आणली. सरांनी ती उलटली. पाठ कोरी! मुलगा अजून आजारी ठरायचा आहे.