बेसमेंटातले चार जावई

जावई : थांबा बाबा, तसा हात नका लावू चाकाला. पोहे खाल्लेत ना आत्ता?

सासरे : हात पायजम्याला पुसलेत.

जावई : हे मायक्रोफायबरचं फडकं घ्या. निळं नको, ते टायरचं. क्रोमला पिवळं.

सासरे : आणि बादल्या दोन का?

जावई : एक साबणाची, एक फडकं खंगाळायची. एकाच बादलीत बुचकळलं की वाळूचे कण परत चाकावर जातात, ओरखडे उठतात.

सासरे : साबण?

जावई : एकदम सौम्य. आम्लाचं क्लीनर लावलं तर क्रोमची वाट लागते.

सासरे : पाणी?

जावई : कोमट. आणि गाडी बाहेरून आली की लगेच नाही धुवायचं. ब्रेकमुळे चाक तापलेलं असतं, त्यावर साबण वाळला की डाग पडतात. आधी निवू द्यायचं.

सासरे : म्हणजे आल्या आल्या काही बोलायचं नाही, जरा टेकू द्यायचं, मग कोमट पाणी, मऊ पंचा. जावईबापू, दिवाळसणाला तुम्ही आलात तेव्हा आम्ही हेच केलं होतं.

जावई : चाकं आहेत ती, बाबा.

सासरे : चाकं कसली? जावई आहेत. चार.

जावई : तुम्हाला थट्टा सुचतेय. इथला हिवाळा बघितला नाहीत तुम्ही. बर्फ पडायच्या आधीच रस्त्यावर मीठ ओतायला सुरुवात होते. डेट्रॉईटच्या पोटात मिठाची खाण आहे, ११०० फुटांहून खोल. १९१० पासूनची.

सासरे : खालचं मीठ वर काढायचं आणि आपल्याच चाकांना लावायचं?

जावई : बर्फ वितळायला नको? पण साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं चालत नाही. मग कॅल्शियम क्लोराईड, मॅग्नेशियम क्लोराईड. काही ठिकाणी तर त्यात बीटचा रसही घालतात.

सासरे : गाजराचं काही करत नाहीत? असू दे. पण क्रोम गंजत नाही म्हणतात ना? दापोडीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, पण एसटीला कधी क्रोमची चाकं नव्हती. लोखंडी डिस्क, वर रंगाचा हात, की निघाली गाडी कोकणात.

जावई : क्रोम गंजत नाही, बरोबर. पण त्याचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही पातळ. त्याच्याखाली निकेल, त्याखाली तांबं, त्याखाली ॲल्युमिनियम. क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. मिठाचं पाणी तिथून आत शिरतं आणि खालच्या धातूंना खातं. मग फोड येतात, पापुद्रे सुटतात, टायर बसतो त्या कडेपर्यंत गेलं की हवासुद्धा निघते.

सासरे : म्हणजे वरच्याला काही होत नाही, झिजतात ते खालचे.

जावई : हो.

सासरे : खालचे म्हणजे सासरची माणसं.

जावई : बाबा!

सासरे : बरं, राहिलं. मग मोठ्या कारवॉशात का नाही नेत? पैसे टाकायचे, गाडी आत, गाडी बाहेर.

जावई : छे! तिथले ताठ ब्रश, वर चाकांवर कुठलं क्लीनर मारतील भरवसा नाही. म्हणून तर आज उतरवतोय. थँक्सगिव्हिंगच्या आधी ही चारही खाली बेसमेंटात. धुवायची, वाळवायची, मेण लावायचं, पिशवीत घालायची. फर्नेसपासून लांब ठेवायची, नाहीतर टायरचं रबर तडकतं.

सासरे : आणि गाडी काय, विटांवर?

जावई : त्या काळ्या स्टीलच्या रिम्स आहेत ना कोपऱ्यात, त्यांच्यावर विंटर टायर चढवलेत. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, रस्ता पकडत नाही.

सासरे : बेसमेंटात मुक्काम किती?

जावई : एप्रिलपर्यंत.

सासरे : वा! मीठ, चिखल, बर्फ तुडवायला काळी लोखंडी पोरं. साहेब खाली, मेण लावून, उबेत. एप्रिलात ऊन पडलं की वर येणार मिरवायला. अहो, सासुरवाडीचा मुक्कामही इतका लांबत नाही. तिसऱ्या दिवशी सासूच तिकीट कधीचं आहे म्हणून विचारते.

जावई : झालं तुमचं? तो पाना द्या. आणि हो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. काळ्या रिम्सना हवेचा सेन्सर नाही. हिवाळाभर जळतो तो.

सासरे : जळणारच. जावई रुसल्याचा दिवा आहे तो.

जावई : बाबा, प्लीज.

सासरे : एक मिनिट. हे इथे नखानं वाजवून बघा. टक्. आता त्या काळ्या रिमला वाजवा. ठण्ण.

जावई : ते स्टील आहे, हे ॲल्युमिनियम.

सासरे : ॲल्युमिनियम असं बोलत नाही. ही नटाच्या भोकाजवळची कड बघा. फट आहे, नख जातंय. वर प्लॅस्टिकचं कवच आहे, त्याला क्रोमचा मुलामा, आणि सगळं मिळून खालच्या चाकाला चिकटवलंय.

जावई : शक्यच नाही. पॅकेजमध्ये घेतलीत मी. वेगळे पैसे मोजलेत.

सासरे : पैसे मोजले म्हणून प्लॅस्टिकचं काय ॲल्युमिनियम होतं? आणि मीठ या फटीतून आत जातंय, तुम्ही मेण वरून लावताय. वरून चकाकी, आतून पोकळ...

जावई : हे चाकांबद्दल बोलताय ना?

सासरे : चाकांबद्दलच. तुम्हाला काय वाटलं?

जावई : मला काय वाटायचंय? सकाळपासून जावई, जावई! जानेवारीत उणे वीस असतं तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण उपसतं? घराचे हप्ते कोण भरतं? माझ्या हौसेची या घरात ही एवढीच वस्तू आहे, चार चाकं. तीसुद्धा तुमच्या डोळ्यांत खुपतात.

सासरे : हौस करा हो, कोण नको म्हणतंय! पण परवा रात्री बर्फ पडला तेव्हा ही गाडी गॅरेजातून हलली नाही. माझी मुलगी तिची जुनी गाडी घेऊन नातवाला क्लासहून आणायला गेली. त्या गाडीच्या चाकांवर मिठाचा पांढरा थर अजून तसाच आहे. तिला कोमट पाणी कोणी दाखवलं?

जावई : तिच्या गाडीला साधी चाकं आहेत. त्यांना काय होतंय?

सासरे : चाकांना नसेल होत. पण मीठ गाडीच्या पोटात जातं, ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना खातं. नळी फुटली की पेडल थेट खाली. तुम्ही इंजिनियर ना?

जावई : सॉफ्टवेअरचा.

सासरे : ते दिसतंच आहे.

जावई : पोटातून पाण्याचा फवारा मारून मिळतो बाहेर. या आठवड्यात नेतो मी तिची गाडी.

सासरे : गेल्या आठवड्यातही नेणार होतात म्हणे.

जावई : तुम्हाला कोणी सांगितलं? तिनं?

सासरे : मला कोण काय सांगणार? तो जॅक ठेवा खाली. आधी नट ढिले करायचे, मग गाडी उचलायची.

जावई : माहितीये मला.

सासरे : मग पाना उलटा का फिरवताय?

जावई : तुम्ही बाजूला व्हा बरं जरा.

सासरे : झालो. पण नवी चाकं चढवताना नट आमनेसामने आवळा, गोल गोल नको. आणि पन्नास-शंभर मैल गाडी चालली की पुन्हा तपासायचे, सैल पडतात.

जावई : तेही माहितीये.

सासरे : तपासणार कोण?

जावई : जावई!

सासरे : कुठला?