खांद्याची काळजी
अमेरिकेत ससे-खारी टिपणाऱ्या शिकाऱ्याचे कोमल हृदय अभ्यासण्याजोगे आहे: पंप शॉटगन, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढली की रिकामे काडतूस टाकून नवे आत घेणारी छऱ्यांची बंदूक, निवडताना आपला खांदा दुखू नये म्हणून तो १२ऐवजी २० गेज घेतो (नळीच्या मापाच्या जितक्या शिसगोळ्या मिळून एक पौंड भरतात तो गेज, अर्थात आकडा मोठा, नळी बारीक आणि खांद्याला बसणारा धक्का कमी). पण बंदूक हलकी केली की धक्का वाढतो, अशी मेख न्यूटनने मारून ठेवल्याने दस्त्याला रबरी गादीही लावतात. काडतुसे घरीच ठेवल्यास वजन घटते आणि धक्काही शून्यावर येतो; परंतु या सूचनेला अद्याप केवळ सशांचेच अनुमोदन आहे.