फोर-बाय-फोरवाले काका

पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक फोर-बाय-फोरवाले काका असतात. ग्रॅच्युइटीच्या पैशातून घेतलेली व्ही-क्रॉस नाहीतर हायलक्स पिकअप ही त्यांची खूण. सव्वापाच मीटरहून लांब असं ते धूड पार्किंगच्या रेघेबाहेर नाक काढून उभं असतं आणि शेजारचे जोशी रोज त्याला वळसा घालून जातात. मागच्या हौद्यात आजवर चढलेला सगळ्यात अवघड माल म्हणजे गणपतीचं मखर.

काकांचा कान तयार. सवाई गंधर्वला मागच्या भारतीय बैठकीवरूनही तंबोरा उतरल्याचं त्यांना कळतं. तोच कान आता गाडीला लागलाय. महिन्यातून एकदा 'सिस्टीम मोकळी राहावी' म्हणून ते मुळशीकडच्या मातीच्या रस्त्यावर जातात, खिडक्या खाली करतात, काकूंना बोलायला बंदी करतात आणि नॉब टू-एचवरून फोर-एचवर, म्हणजे दोन चाकांवरून चार चाकांवर, फिरवतात. आधी मोटरची बारीक 'घूंऽ', मग पायाखाली 'खट्'.

"ऐकलंस?"

"ऐकलं. असा आवाज तुमच्या गुडघ्यांतूनही येतो. त्यासाठी नाही कधी डॉक्टरकडे जात!"

फोर-एलला, म्हणजे चार चाकांच्या हळू गिअरला, तर काकांचा चेहराच उतरतो. गाडी थांबवून, न्यूट्रलला आणून नॉब फिरवला की 'खडाक्' होतं, आणि चालायला लागली की 'कुंईऽ'. सोमवारी सकाळी काका गॅरेजच्या दारात हजर. फोनमध्ये रेकॉर्डिंग, वहीत वेळेसकट नोंदी.

मेकॅनिक पोरगा हात पुसत ऐकून घेतो. "काका, पुढच्या चाकांचा शाफ्ट जोडायला ट्रान्सफर केसमध्ये दातात दात बसतात. बसताना खट् होणारच. फोर-एलला चाकं अडीचपट हळू फिरतात, इंजिनाचा जोर गिअरवर येतो, म्हणून कुंई. खरडल्यासारखा आवाज थांबेचना, तर या. नाहीतर चहा घ्यायला या."

काका चहा घेतात. समाधान होत नाही.

आणि हेच काका, जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला गाडीत बसवतात. सोसायटीच्या कोरड्या पेव्हर ब्लॉकवर फोर-एच टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पण पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र जखडलेला, मध्ये हा फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नाही. स्टिअरिंग जड होतं, टायर फरफटतात, गाडी उड्या मारते आणि खालून 'कड्कड्' येतं. सगळ्या गाडीत काळजी करण्यासारखा आवाज असेल तर हाच.

"बघा जावईबापू," काका मिशीतल्या मिशीत हसून म्हणतात, "याला म्हणतात ताकद!"

तुमच्या सोसायटीत असे काका असतील, तर त्यांची रेकॉर्डिंगं खुशाल ऐका, मान डोलवा. फक्त कोरड्या रस्त्यावर जावयासमोर त्यांना त्या नॉबला हात लावू देऊ नका.