पाच ग्रॅमचा हिशेब

(पुण्यातल्या एका इमारतीचा पहिला मजला. उंच पलंग, मंद दिवा. निवृत्त रोखपालांची मान आखडली असल्यामुळे ते सगळ्या देहासकट वळून खोली पाहतात. बँकेतून निवृत्त झालेली माणसं दोन प्रकारची : आकडे विसरलेली, आणि आकड्यांवाचून दुसरं काहीच न आठवणारी. हे दुसऱ्यातले.)

रोखपाल : सूनबाईंनी पाठवलंय. मान दाबून देता म्हणाल्या.

थेरपिस्ट : दाबत नाही काका. क्रेनिओसेक्रल थेरपी म्हणतात हिला. हात नुसते ठेवायचे.

रोखपाल : (सदऱ्याची बटणं काढत) तेल तुमचं, की घरून आणायचं होतं?

थेरपिस्ट : तेल लागत नाही. बटणं लावा बघू. चष्मा, घड्याळ, किल्ल्या तेवढ्या काढून ठेवा. अलीकडे डोक्याला मार? मेंदूत रक्तस्राव? रक्तवाहिनीला फुगा आल्याचं कुणी सांगितलंय?

रोखपाल : सकाळी सकाळी काय विचारता! नाही. असतं तर?

थेरपिस्ट : हात लावला नसता. हाताला मुंग्या, पकड ढिली?

रोखपाल : पकडीबद्दल सूनबाईंना विचारा. घरखर्चाचे पैसे मीच देतो.

थेरपिस्ट : मग उताणे झोपा.

(रोखपाल झोपतात. बाई डोक्याशी स्टुलावर बसतात आणि दोन्ही तळहात त्यांच्या डोक्याखाली सरकवतात. बराच वेळ काहीच घडत नाही.)

रोखपाल : सुरू कधी करणार?

थेरपिस्ट : केव्हाच सुरू झालंय.

रोखपाल : मला तर काहीच लागत नाही!

थेरपिस्ट : साधारण पाच ग्रॅमचाच भार असतो. अमेरिकेत शिकवताना त्यांचं पाच सेंटचं नाणं सांगतात.

रोखपाल : आपला जुना स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम. म्हणजे मी कपाळावर रुपया ठेवून घरीच पडलो असतो.

थेरपिस्ट : रुपयाला कळलं नसतं, मान कुठे ताठ आहे ते.

रोखपाल : तुम्हाला तरी काय कळतंय?

थेरपिस्ट : मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाणी असतं. एका वेळी दीडशे मिलीच्या आसपास, पण दिवसभरात अर्धा लिटर तयार होतं.

रोखपाल : शिल्लक दीडशे आणि रोजचा भरणा पाचशे? बाकीचं जातं कुठे?

थेरपिस्ट : रक्तात शोषलं जातं.

रोखपाल : मग हिशेब जुळला. पुढे.

थेरपिस्ट : त्या पाण्याला स्वतःची एक लय असते, मिनिटाला सहा ते बारा वेळा, असं ही थेरपी मानते. ती कवटीवर, पाठीवर, पायांवर हाताला जाणवते म्हणतात. अडखळली की हलक्या हाताने मोकळी करायची.

रोखपाल : हे प्रथम सुचलं कुणाला?

थेरपिस्ट : सदरलंड नावाच्या अमेरिकन माणसाला. १९०० च्या सुमाराला तो मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला ऑस्टिओपॅथी शिकत होता. तिथे सुटी केलेली कवटी पाहिली. कानशिलाच्या हाडाची कड माशाच्या कल्ल्यासारखी तासलेली दिसली. त्याला वाटलं, अशी कड आहे तर हाड हलत असणार. मग शिरस्त्राणं नि पट्टे आवळून त्याने स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग केले. बायकोला त्याच्या स्वभावात फरक दिसायचा, असं सांगतात.

रोखपाल : डोक्याला पट्टा आवळल्यावर माझ्याही दिसेल. बरं, पाच ग्रॅमवाला कोण?

थेरपिस्ट : अपलेजर. १९७० च्या दशकात मानेच्या एका शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवरचं आवरण स्थिर धरून ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. ते काही केल्या स्थिर राहीना. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात त्याने अभ्यास केला आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात संस्था काढली.

रोखपाल : एका माणसाला हलल्यासारखं वाटलं, त्यावर एवढी पेढी? आमच्याकडे एकाने मोजलेली रोकड दुसऱ्याने मोजल्याशिवाय तिजोरीत जायची नाही. दुसरी सही कुणाची?

थेरपिस्ट : (जरा थांबून) तिथेच अडतं. १९९४ साली तिघा फिजिओथेरपिस्टांनी त्याच बारा जणांची लय मोजली. आकडे जुळले नाहीत.

रोखपाल : म्हणजे किती फरक?

थेरपिस्ट : मेळच नव्हता म्हणा ना. शिवाय मोठ्या माणसाची कवटीची हाडं एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. पाणी हलतं, पण ते नाडीच्या ठोक्याने आणि श्वासाने.

रोखपाल : (उठू पाहत) अहो, मग आमच्या बँकेत तिघांनाही मेमो मिळाला असता! आणि हे तुम्हीच मला सांगताय?

थेरपिस्ट : तुम्ही विचारलंत. पडून राहा. मान दुखते अशा काही लोकांना यानंतर बरं वाटलं, अशाही चाचण्या आहेत. छोट्या आहेत, त्यावर वादही आहेत. लयीमुळे बरं वाटतं की तासभर कुणी घाई न करता डोकं हातात धरून बसल्यामुळे, हे मी छातीठोक सांगणार नाही.

रोखपाल : आमच्या घरी डोकं धरून बसायचं काम मीच करतो. स्वतःचं.

थेरपिस्ट : आता थोडा वेळ गप्प बसाल? कधीकधी सगळं एकदम शांत होतं, त्याला स्टिल पॉइंट म्हणतात. तुम्ही बोलत राहिलात तर तो जिन्यातच थांबेल.

रोखपाल : मी बोलतच नाहीये. फक्त फी किती, तेवढं...

(वाक्य अर्धवट राहतं. बाई एक हात त्रिकास्थीखाली घालतात, मग पावलांशी जातात. खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यांवरून भांडतो. एरवी रोखपालांनी खिडकीतून निकाल दिला असता. आज त्यांचं तोंड अर्धवट उघडं आहे.)

थेरपिस्ट : काका, झालं. सावकाश उठा, कुशीवर वळून.

रोखपाल : (डोळे चोळत) मी जागा होतो.

थेरपिस्ट : हो. घोरत होतात फक्त.

रोखपाल : मानेचं उद्या सांगेन. लगेच सांगितलं तर तुम्ही फी वाढवाल. किती?

थेरपिस्ट : पंधराशे.

रोखपाल : पाच ग्रॅमला पंधराशे! ग्रॅमला तीनशे पडले. (पाकिटातून शंभराच्या कोऱ्या नोटा काढून, अंगठा जिभेला लावून सराईतपणे मोजतात.) हे घ्या. मोजून घ्या, काउंटर सोडल्यावर तक्रार चालणार नाही.

थेरपिस्ट : (मोजत) काका, चौदा आहेत.

रोखपाल : शक्यच नाही. जन्म गेला माझा नोटा मोजण्यात. (पुन्हा मोजतात. तिसऱ्यांदा मोजतात.) ...चौदा.

थेरपिस्ट : मेमो कुणाच्या नावाने काढू?