अंगणातील पर्गोला : उभारणी व उपयोग

पर्गोला म्हणजे छप्पर होता होता राहिलेला सांगाडा. चार खांब, त्यांवर दोन तुळया, तुळयांवर वीतवीत अंतराने पट्ट्या आणि पट्ट्यांवर काहीही नाही. महाड-पोलादपुरात अशा वस्तूला मांडव म्हणतात. मात्र मांडवावर पेंढा किंवा टहाळ पडतो आणि मिरगाआधी तो उतरवतात. पर्गोला बारमाही असतो. पुढील सर्व अडचणी या एका फरकातून उद्भवतात.

लाकूड सागाचे, ऐनाचे किंवा किंजळीचे घ्यावे. झाड स्वतःच्या जागेत असले तरी ही तिन्ही नावे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत; तोडण्यास परवानगी लागते. म्हणून स्लॅब पडलेल्या जुन्या घराचे वासे वापरणे सोयीचे. काम शिमग्याच्या सुमारास निघाल्यास लाकडे रात्री घरात घ्यावीत. होळीसाठी लाकडे जमवणारी पोरे सरपण आणि पर्गोला यांत भेद करीत नाहीत.

आखणी सुतळीने करावी. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट मोजून त्या दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरले, तर काटकोन साधला. न भरल्यास कठड्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी ‘नजरेला बरोबर दिसतंय’ असे सांगतो. तेव्हा टेप पुन्हा लावावा. खड्डा दोन फूट घ्यावा. पहार खणखणली की कातळ लागला. कातळ लागला नाही तर पुढे वाळवी लागते. त्यामुळे खांब मातीत न पुरता काँक्रीटच्या चौथऱ्यावर लोखंडी पट्ट्यांत बोल्टने आवळावा, तळाला डांबर फासावे आणि ओळंबा सोडून उभा करावा.

आता सावलीचा प्रश्न. पट्ट्या तिरप्या उन्हाला अडवतात. महाड सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऊन फटींतून सरळ खाली उतरते. मुंबईकर सुट्टीला येतात ते नेमके याच आठवड्यात. उपाय म्हणून वेल चढवावा. दुधी, पडवळ, घोसाळी पावसात लावतात; श्रावणापर्यंत मांडव गच्च भरतो आणि उत्तम सावली मिळते. त्या दिवसांत ऊन नसते. मधुमालती बारमाही खरी, पण तिला पट्ट्या झाकायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर खाली बसणाऱ्यांनी टोपी घालावी.

पाऊस येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक. पहिल्या जूनमध्ये पर्गोल्यावर निळी ताडपत्री येते, दुसऱ्या जूनमध्ये पत्रा. पत्र्याला उतार लागतो, म्हणून मागचे दोन खांब आधीच वीतभर उंच ठेवणे शहाणपणाचे. पत्र्याचे आकडे बसवायची भोकेही त्याच वेळी पाडून घ्यावीत. पत्रा बसला की उभारणी संपते आणि वापर सुरू होतो: एका अंगाला लाकूडफाटा, दुसऱ्या अंगाला मोटारसायकल, मधल्या दोरीवर न वाळणारे कपडे.